विचारणाऱ्या मॅडम

मॅडम, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. पुढच्या बुधवारी मी येणारच होते. तुम्हाला गप्प करायला दोन नवे मुद्दे काढून ठेवले होते. एक असा की माणूस पंच्याहत्तरीच्या पुढे गेला की त्याला जुन्या गोष्टी विचारून छळू नये. दुसरा असा की माझ्या बाबांना काय विचारायचं हे ठरवायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतं आणि म्हणाला असता, "ठीक है मास्तरीणबाई, हक्क तुमचा. पर एक बार पूछो तो." किती वर्षं हेच चाललं होतं आपलं. बाबांनी मला आठव्या वर्षी घरातून मामाकडे का पाठवलं, हे मी त्यांना एकदा विचारावं असं तुमचं म्हणणं, आणि मेले तरी विचारणार नाही असं माझं. शेवटी मरायचं काम तुम्हीच आधी उरकलंत.

तुमच्या घरी गेले तेव्हा अंगणात खुर्च्या कमी पडल्या होत्या. देवरीचे, आमगावचे, सालेकशाचे, गोंदियातल्या मोठ्या दुकानांचे मालक, सगळे एका सतरंजीवर. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आणि गंमत बघा, तुमच्याविषयी कोणीच बोलत नव्हतं. एक जण सांगत होता, माझा पोट्टा आता आयटीआयले हाय. एक बाई सांगत होती, आमची अजून अंगठा चोखते पण पूर्ण धडा वाचते. तुमची रायपूरची बहीण गोंधळून मला म्हणाली, "ये सब लोग कौन हैं? रिश्तेदार तो नहीं दिखते." मी म्हटलं, हे पालक आहेत. तिला काही कळलं नाही. मला मात्र तिथेच पहिल्यांदा रडू आलं.

तुमच्यापाशी आले तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते आणि ओळखायची इच्छाही नव्हती. रेणू तिसरीत होती. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दुसऱ्यांच्या पोरांना रांगेत बसवते, आणि माझीच पोर एका जागी बसत नव्हती. अर्धं गणित सोडवून उठायची. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची. सौंदडजवळच्या आमच्या गावात घरामागे बोडी आहे, म्हणजे छोटं तळं. बोडीत पाणकोंबडी दिसली की ही कपड्यांसकट आत. एकदा म्हशी चारणाऱ्या माणसानं तिला केसाला धरून बाहेर काढलं. त्यानंतर माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात, त्यांनी निकाल दिला. दिवाळीनंतर पोरीला नागपूरच्या हॉस्टेलवर टाकायचं. शिस्त लावली का सारं नीट होते, असं ते म्हणाले. आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. तुम्ही अशी लेकरं तपासता असं ऐकलं होतं. दिवाळीच्या आत काहीतरी करायचं म्हणून मी मिस्टरांना घेऊन गाडीत बसले आणि गोंदियाला उतरले.

कापडाच्या दुकानावरची तुमची ती खोली. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सतरंजी, भिंतीवर काही नाही. माझे मिस्टर राइस मिलवर सुपरवायझर. त्यांना मशीन दिसल्याशिवाय कामाचा भरवसा वाटत नाही. तासभर तुम्ही आमच्याशी नुसत्या बोललात, पेन टोपणासकट टेबलावर. शेवटी त्यांनी धीर करून विचारलं, "मॅडम, तपासणी कधी होनार?" तुम्ही म्हणालात, "चालू आहे ना." जिना उतरताना ते मला म्हणाले, रक्त नाही, फोटो नाही, नुसतं बोलून काय समजते? मलाही तसंच वाटत होतं. शिवाय मी शिक्षिका. पालक किती खोटं बोलतात हे मला पालकसभांतून पुरतं ठाऊक होतं. आई-बापांच्या सांगण्यावर पोराचं निदान करायचं म्हणजे नवरदेवाच्या आईला नवरदेवाचे गुण विचारण्यासारखं आहे, असं मी तुम्हाला पुढे कितीदा म्हटलं असेन. तुम्ही हसायच्या. एकदाच गंभीर झालात आणि म्हणालात, "मी साक्ष घेत नाही, मास्तरीणबाई. त्यांच्या बोलण्यात लेकरू कुठे बसलंय, ते बघते."

त्या पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला परत पाठवलंत. रोवणा सुरू होता. धान रोवायच्या दिवसांत घरातलं शेंबडं पोरही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतं. "या दिवसांत लेकराला कोणी बघत नाही, मग मला काय सांगणार? पोळा होऊ द्या. मी घरी येते," असं म्हणालात. मला राग आला होता. इथे दिवाळी जवळ येऊन राहिली आणि ही बाई पोळ्याचं सांगते.

आणि पोळा झाल्यावरच्या रविवारी तुम्ही आलात. त्या दिवसाची आठवण आली की अजून मला एकटीला हसू फुटतं. सकाळपासून सासूबाईंनी अंगण सारवून घेतलं होतं. जाऊबाईंनी पोह्यांना कांदा चिरला. रेणूचे केस तेल लावून चप्प बसवले, नवा फ्रॉक घातला, आणि पाण्याचे पेले ट्रेमध्ये ठेवून तिला दारातून हळूहळू चालत यायला शिकवलं. हे सगळं कोणी ठरवलं नव्हतं. तुम्ही खुर्चीवर बसलात, रेणू ओठ घट्ट मिटून पाणी घेऊन आली, खाली बघत उभी राहिली, आणि आमच्या घराला काय झालं देव जाणे.

"फार शांत हाय आमची," जाऊबाई म्हणाल्या. "एका जागी बसली का उठत नाही."

"कामाले हुशार हाय," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी बी थापते."

माझे मिस्टर, जे तुमच्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते, ते म्हणाले, अभ्यासात पुढे आहे. आणि मी, जी त्याच खोलीत पदर डोळ्यांना लावून रडले होते, मी ऐकलं तर माझ्याच तोंडून निघालं, "तशी काही तक्रार नाही."

घरची पोर बाहेरचं माणूस बघायला आलंय, एवढंच आम्हाला कळत होतं. मग आठ वर्षांची का असेना. अशा वेळी पोरीचा दोष उंबऱ्याच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की ज्या कारणासाठी तुम्हाला बोलावलं तेच आम्ही सगळे मिळून लपवायला लागलो. दिवाळीनंतर तिला घरातून घालवायला निघालेले भासरेसुद्धा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "खानदानी पोट्टी हाय."

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. पोह्यांवर लिंबू मागितलंत, दुसऱ्यांदा पोहे घेतलेत. मग बशी खाली ठेवून म्हणालात, "मला मुलगी पसंत आहे."

सासूबाईंनी खरोखरच विचारलं, "कोनासाठी?"

पुढे काय झालं ते तुम्ही स्वतःच किती पालकांना रंगवून सांगितलंत. भासरे हसले, मग सगळे हसले, रेणू इतकी हसली की ट्रे आणि पेले अंगणात. आणि तुम्ही पदर खोचून उठलात. "आता खरं बोलू. एकेकानं मागे या. मला तिचे गुण नकोत, दोष पण नकोत. फक्त कालचा दिवस सांगा, उठल्यापासून."

मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, मुंगन्याच्या म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली, मी तुम्हाला माझा कालचा दिवस सांगितला. मला वाटलं होतं दोन मिनिटांत संपेल. तुम्ही एकेका गोष्टीला धरून बसायच्या. हाक मारली तेव्हा ती कुठे होती? तुम्ही कुठे होता? तुम्ही तिला दिसत होता का? तिच्या हातात काय होतं? ओरडण्याच्या आधी काय झालं? मी चुलीजवळून हाका मारते आणि ती बाहेर असते, हे मला रोजचं माहीत होतं. पण मी तिला दिसतच नसते, माझा नुसता आवाज तिच्यापर्यंत जातो आणि वाटेत तिला शंभर गोष्टी दिसतात, हे मला त्या झाडाखाली सांगता सांगता कळलं. एका वेळी मी तिला चार कामं सांगते, तीही सगळी आवाजानं. तुम्ही मला एकही गोष्ट शिकवली नाहीत. मीच बोलत होते आणि मीच थक्क होत होते.

मग माझे मिस्टर गेले. मिलवर ट्रक कसा उशिरा आला, मजूर कसे कमी पडले, सगळं सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "आणि रेणू?" ते म्हणाले, मी आलो तेव्हा झोपली होती. "सकाळी?" झोपली होती. "परवा?" ते उठून बाहेर आले आणि हापशीवर बराच वेळ तोंड धूत राहिले. त्या दिवसापासून रेणूला शाळेत सोडायचं काम त्यांनी घेतलं. मी त्यांना काही म्हटलं नव्हतं आणि तुम्हीही नाही.

सगळ्यात जास्त वेळ सासूबाई बोलल्या. रेणू त्यांच्यासोबत बांधीत जाते, खेकड्यांची बिळं सगळ्यांच्या आधी तिला दिसतात, आणि गळ टाकून बसली की दुपारभर हूं का चूं करत नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते. दुपारभर बसते म्हणजे तिला काही झालेलंच नाही, ती मुद्दाम करते, असं तुम्ही म्हणणार आणि भासऱ्यांचं खरं होणार. पण तुम्ही सासूबाईंना विचारत राहिलात. मासा लागला नाही तर? दोर गुंतला तर? गळ विसरून येते का? सासूबाई म्हणाल्या, "रोज इसरते. चप्पल बी इसरते. मी काय बोलत नाही, आनतो उचलून."

संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांना बसवून तुम्ही म्हणालात, तिघांनी मला तीन मुली सांगितल्या. तिघींमध्ये जे सारखं आहे ते तिचं, जे वेगळं आहे ते घराचं. तिचं काय ते साध्या शब्दांत सांगितलंत. लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं, या दोन गोष्टी तिच्या मेंदूला इतरांपेक्षा अवघड जातात. पुढच्या क्षणाला काहीतरी हलणार असेल तिथे ती बसू शकते, म्हणून मासे धरते. वहीत काही हलत नाही. ती बिघडलेली नाही, आळशी नाही, आणि तुमच्यापैकी कोणी तिला बिघडवलेलं नाही.

भासरे म्हणाले, "म्हंजे मार खाऊन सुधरनार नाही?"

"नाही."

"मंग हॉस्टेलवर काय करतील?"

"मारतील," तुम्ही म्हणालात.

भासरे उठले, आत गेले, आणि आतून आवाज आला, मॅडमसाठी चहा टाका. आमच्या घरात निकाल फिरला की असाच फिरतो. नागपूरचा विषय पुन्हा निघाला नाही. रेणू घरी राहिली, मॅडम. तुमच्या दोन बशा पोहे आणि एका दिवसाच्या विचारण्यावर माझी पोर माझ्या घरी राहिली. याचं मला आजही नवल वाटतं. मी तुम्हाला आभार म्हणून कधी काही बोलले नाही, कारण तुम्हाला ते आवडत नसे आणि मला ते नीट जमत नसे. आता म्हणते.

पण त्याच संध्याकाळी, चहा पिता पिता, तुम्ही आणखी एक प्रश्न विचारला होतात. घरात अजून कोणी होतं का असं, लहानपणी? आमच्या खानदानात कोनी नाही, सासूबाई लगेच म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आठव्या वर्षी तुम्ही कशा होता? मी म्हटलं, मला काय आठवणार, मी मामाकडे होते, बिरसीजवळ. का, असं तुम्ही विचारलंत. घरी खूप त्रास देत होते म्हणे, म्हणून पाठवलं. मी हसत हसत सांगितलं. मी ते नेहमी हसतच सांगायची. तुम्ही हसला नाहीत. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

त्यानंतरची वर्षं मी तुमच्या मागे मागे फिरले. सुट्टीच्या दिवशी तुमच्यासोबत सालेकशाच्या तपासणी शिबिराला यायची, कारण तिथल्या बायाबापड्यांशी तुमची हिंदी जमायची पण झाडीबोली अडखळायची. तुम्हाला जवळून बघितलं तेव्हा कळलं की तुम्ही काही देवी नाही. लिपस्टिक लावल्याशिवाय खोलीचं दार उघडायच्या नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोनवर इतक्या चढ्या आवाजात बोलायच्या की खालच्या दुकानदारानं एकदा गिऱ्हाईक पळालं म्हणून तक्रार केली. आणि एकदा तुम्ही सपशेल चुकलात. आई-बाप सांगत होते, पोरगं ऐकत नाही, ऐकत नाही, आणि तुम्ही महिनाभर त्याच्या लक्षाचा विचार करत बसलात. त्याला कमी ऐकू येत होतं. ती गोष्ट तुम्ही लपवली नाहीत. प्रत्येक नव्या पालकाला सांगून आधी कान तपासायला पाठवायच्या.

गोळ्यांवरूनही आपलं वाजलंच. नागपूरच्या डॉक्टरांनी रेणूला गोळी लिहून दिली आणि मी ती कपाटात ठेवली. तुम्ही मला ओरडला नाहीत. फक्त दर भेटीला विचारायच्या, "कपाटाला फरक पडला का?" शेवटी मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले, सगळ्या शंका विचारल्या आणि सुरू केली. फरक पडला तो रेणूला. चमत्कार नाही झाला, पण गणित पुरं व्हायला लागलं. आता ती दहावीत आहे. अजून चप्पल विसरते. परवा तुमची बातमी कळली तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तासभर हलली नाही, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

शिबिरात तुम्हाला बघत बसणं हा माझा मोठा आनंद होता. तेंदूपानाच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या हंगामात एक बाप आला होता, पोराचा हात घट्ट धरून, म्हणाला, शाळेवाले म्हणते डोकं नाही, पन पुडे तं बराबर बांधते. दुसऱ्या कोणी त्याची समजूत घातली असती. तुम्ही विचारलंत, पुडा कसा बांधतात, मला सांगाल? तो माणूस अर्धा तास पान निवडण्यापासून गाठीपर्यंत सांगत राहिला, आणि सांगता सांगता पोरगं कुठे चुकतं, कुठे उठून जातं, कोण त्याला परत बसवतं, सगळं आपसूक बाहेर आलं. जाताना त्याची पाठ सरळ झाली होती. मी शाळेत वीस वर्षं पालकांना बोलावून त्यांना सांगत आले. विचारायचं असतं, हे तुमच्यामुळे कळलं. माणसाला नीट विचारलं की तो स्वतःच्या घरात दिवा घेऊन फिरायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. तुमच्यापुढे मी नेहमी वाद घातला, पण आतून मी तुमच्यापुढे हात जोडूनच उभी असायची.

आणि दर वेळी शिबिर आटपलं की तुम्ही तेच म्हणायच्या. बाबांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. "दस मिनिट, मास्तरीणबाई. मी बाहेर थांबते." मी म्हणायची, गाडीची वेळ झाली. सणावाराला मी बाबांकडे जाते, धोतर-सदरा नेते, जेवते, परत येते. पण हा प्रश्न नाही. मला उत्तराची भीती वाटत होती. विचारलं नव्हतं तोवर "त्रास देत होती म्हणून पाठवली" ही ऐकीव गोष्ट होती. त्यांच्या तोंडून आली असती की ती कायमची खरी झाली असती. मामाच्या घरी मी रोज वाट बघायची आणि बाबा एकदाही आले नाहीत. त्यावर तुमच्याकडे काय उपाय होता?

तुमच्या घरून निघाले ती मी सौंदडच्या गाडीत बसलेच नाही. कशी कोण जाणे, सालेकशाच्या गाडीत बसले. बाबा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते. मला बघून म्हणाले, आज काऊन? मी पाणीसुद्धा प्यायले नाही. म्हटलं, "बाबा, मले मामाकडे काऊन पाठवलं होतं?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "तरास देत होतीस," ते म्हणाले.

झालं. ज्याला घाबरत होते तेच आलं. मी पिशवी उचलली होती, मॅडम. उंबऱ्यापर्यंत गेले होते. पण इतकी वर्षं तुमच्यासोबत बसून एक खोड लागली होती. त्रास हा शब्द कोणी बोललं की तुम्ही पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. कोणता, कधी, कुठे, असं विचारायच्या. मी परत फिरले आणि विचारलं, "कसा तरास, बाबा?"

बाबांनी वर बघितलं. "मालगाडी आली का हातातलं टाकून पटरीकडे धावाची. डब्बे मोजाले. हाक मारली तं आयकू नाही यायची. एक डाव गँगमननं उचलून आनलं, मांगून दुसरी गाडी येऊन राहिली होती. तवापासून मी तेंदूले जानं सोडलं. सकारपासून बसून राहो, तुज्या अन् पटरीच्या मधात. तुजी माय म्हने, घर कसं चालन? दोन हंगाम बसलो. मंग तुजा मामा म्हनाला, आमच्या गावाले पटरी नाही."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगतो? तू म्हनली असती, आता नाही जात. अन् गेली असती."

ते इतकं खरं होतं की मला हसू आलं. रेणूच्या बाबतीत हेच वाक्य मी तुम्हाला सांदवाडीत सांगितलं होतं. मी म्हटलं, पण एकदा तरी भेटायला यायचं. बाबा म्हणाले, "येत होतो ना. मामाच्या गावाबाहेर आमराई होती, ततून दिसाची तू पोट्ट्यांसंग खेरताना. दिसली का मी वापस फिरो. भेटलो असतो तं संग येतो म्हनून रडली असती. आनलं असतं तं पटरी होती."

मी ओसरीवर बसले. इतकी वर्षं ज्या वाटेकडे मी बघत होते, त्याच वाटेवर माझा बाप उभा होता आणि मला दिसला नव्हता. मला त्यांचा राग आला, त्यांची दया आली, आणि मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. बाबा पुन्हा दोर वळायला लागले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आज कसं काय इचारलं?"

मी तुमच्याविषयी सांगितलं. एक मॅडम होत्या म्हणाले नाही, एक मॅडम आहेत म्हणाले. गोंदियाला असतात. लेकरांच्या मायबापाला लेकराविषयी विचारतात.

"अन्?"

"अन् आयकतात."

बाबांनी वळलेला दोर ताणून बघितला. मग म्हणाले, "मले आतापरेंत कोनी इचारलंच नाही. तुजी माय गेली, तवा बी सांगाचं मनात होतं. त्या बाईले आन एक दिस. मले गंज, ढीगभर सांगाचं हाय."

"त्या नाही आता, बाबा. गेल्या."

त्यांचे हात थांबले. माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मंग?"

"मंग मलेच सांगा," मी म्हटलं.

मॅडम, बाबांनी दोर खाली ठेवला आणि लहानपणी मी चालायला लागले त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.